कुठं तरी न्हाय मारत

तिचं नाव मी कधी विचारलंच नाही बघा. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद, म्हणून जवळच्या शेलार गावातल्या शाळेत आमचं महिला मंडळ दुपारी देशोदेशीच्या बायकांवरचे माहितीपट दाखवायचं. लूमवरचंच कोरं कापड ताणून पडदा केलेला. ती दाराशी बसायची. घरी लूमसाठी कांड्या भरायची, त्यामुळे हात रिकामे असले तरी तिची बोटं आपली सूत गुंडाळत राहायची.

त्या दिवशी पडद्यावर एक गोरी बाई काहीतरी सांगत होती. भाषा कुणालाच कळेना, पण तिचा सुजलेला डोळा सगळ्यांना कळला. हिची बोटं थांबली.

"ताय, तिकडं बी नवरं मारत्यात?"

"अगं, सगळीकडे हेच आहे. तू एकटी नाहीस!" मी मोठ्या उत्साहाने म्हटलं.

ती उठली, डोक्यावर पदर घेतला. "मला वाटलं व्हतं, कुठं तरी न्हाय मारत. पोरीला तिकडं धाडीन म्हनत व्हते."

पुढच्या शुक्रवारी ती आली नाही, नंतरही कधी नाही. आम्ही धीर द्यायला बसलो होतो हो! तिच्याजवळ होता तेवढाही मीच काढून घेतला.