दादाराव आधी टाकी बघायचे

दादाराव कुणाच्याही घरी गेले, की आधी संडासाची टाकी बघायचे, मग विहीर, आणि मग ठरवायचे, इथलं पाणी प्यायचं की नाही. तेलंगणातल्या नार्नूरच्या मंडल ऑफिसात, म्हणजे आपल्याकडच्या तहसीलीसारख्या कचेरीत, ते कारकून. खराब झालेली सेप्टिक टाकी नव्यानं बांधायला सरकार अनुदान देई, त्याचा मुआयना, म्हणजे जागेवर जाऊन पाहणी, त्यांच्याकडे. लग्नाच्या पंगतीला बसण्याआधीसुद्धा ते परसात एक चक्कर मारून येत. लोक हसत. "हसा," ते म्हणत, "दवाखान्यात रांग लावसान तवा मले याद करसान."

आमची टाकी फुटून वाहत होती, आणि विहीर तिथून दहा पावलांवर. धाकट्या बहिणीचं पोट महिनाभर ठिकाणावर नव्हतं. बाबा शाळामास्तर, नवी टाकी बांधणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून अर्ज केला. आणि साहेब येणार म्हटल्यावर आमच्या आईनं काय करावं? टाकीजवळचा चिखल उपसला, मुरूम टाकला, शेणानं सारवलं आणि वर चक्क कमळाची रांगोळी काढली. दोन दिवस संडासात कुणाला जाऊ दिलं नाही. पाहुण्याला घाण कशी दाखवायची, हा तिचा प्रश्न. मलाही तो तेव्हा अगदी बरोबर वाटला होता.

दादाराव आले आणि रांगोळीपाशी थबकले. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. तिचा चेहरा उतरला.

"बाई, काऊन एवढं सजवलं? टाकी तर नवरीवानी दिसून राह्यली. आता खराब हाय म्हणून मी कसं लिहू?"

मग स्वतःच विहिरीवरून बादल्या आणून संडासात ओतू लागले. आठव्या बादलीला फुटक्या टाकीतलं पाणी वर आलं, कमळ हललं, फुगलं आणि वाहून गेलं. आईनं तोंडाला पदर लावला. दादारावांनी मात्र खुशीत कागद भरला. "लाजू नका," ते म्हणाले, "हे लपून राह्यलं अस्तं तर पोरगी अशीच आजारी राह्यली अस्ती."

नवी टाकी विहिरीपासून लांब, पार गोठ्यापलीकडे झाली. बहीण सुधारली. एक दिवस दादाराव न सांगताच आले, टाकी पाहिली, विहिरीत डोकावले आणि ओट्यावर बसत म्हणाले, "आता द्या पाणी." दोन तांबे प्यायले. आईनं ते गल्लीभर सांगितलं.

पुढे ते रिटायर झाले, थकले, आणि मंचेरियलच्या दवाखान्यात पडून होते. आई डबा आणि घरच्या पाण्याची बाटली घेऊन गेली, सोबत मी. त्यांना बोलवत नव्हतं. बाटलीकडे बघून कसंबसं विचारलं, "टाकी?"

"पाहूनच भरून आणलं, भाऊ," आई म्हणाली.

तेव्हा कुठे त्यांनी पाण्यासाठी तोंड उघडलं.