शांतलिंगअप्पांची राणी

आमच्या दूध संस्थेत सकाळी रांग लागली की सचिव शांतलिंगअप्पा मान खाली घालून बसायचे. लोकांना वाटायचं, अप्पा पेंगताहेत. ते पेंगत नसायचे, रांगेतले आवाज ऐकत असायचे. फॅट कमी लागली म्हणून कुणी माझ्याशी भांडायला लागलं की अप्पा हळूच म्हणायचे, "ह्याला सेनापती करता यील." दुसरा कुणी म्हैस आटली म्हणून रडवेला होऊन सांगत असायचा आणि अप्पांचं आपलं भलतंच, "विदूषकाला असलाच गळा पायजे."

मी दूध तपासणारा. एकोणऐंशी साली लोहाऱ्याजवळच्या या गावी नोकरीला आलो. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही आणि नाटकाचं तर वावडंच. त्यामुळे अप्पांचं हे खूळ पहिल्या आठवड्यातच माझ्या डोक्यात गेलं. "अप्पा, माणसं दूध घालायला येतात, नाटकात काम मागायला नाही," मी एकदा फणकारलो. अप्पांनी माझ्याकडं टक लावून बघितलं आणि म्हणाले, "तुमी पहारेकरी व्हा. आवाज रागीट हाय तुमचा."

नाटकाचं नाव 'संगीत वेशीवरची राणी'. गावच्या बलभीम शिंप्यानं लिहिलेलं. राजा बारा वर्षांनी लढाईवरून परत येतो, पहारेकरी त्याला ओळखत नाही, वेस उघडत नाही. राणी मात्र तटावरून त्याचा आवाज ओळखते. गोष्ट एवढीच, पण पदं एकवीस. त्रेसष्ट साली त्याचे दोन प्रयोग झाले. पहिला गावातच, पण शेजारच्या रानात तमाशाचा फड उतरला होता, निम्मे लोक तिकडं गेले. दुसरा सास्तूरला. तिथं लोक शेवटपर्यंत बसले आणि टाळी न वाजवता उठून गाड्या जुंपायला लागले. राणीचं काम बलभीम स्वतः लुगडं नेसून करायचा. अप्पा पडद्यामागं वही धरून बसायचे आणि कुणी अडलं की पुढचा शब्द सांगायचे. सास्तूरच्या प्रयोगानंतर एकोणिसाव्या दिवशी बलभीम छातीच्या दुखण्यानं गेला. त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, वही पेटीत टाकून कुलूप घातलं.

वहीवाचून अप्पांचं काही अडत नव्हतं, सगळं नाटक तोंडपाठ होतं. अडलं होतं ते कस्तुराबाईंच्या होकारावर. त्या हो म्हटल्याशिवाय पडदा वर करायचा नाही, हे अप्पांनी मनाशी धरलं होतं. दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून त्यांच्या दारी जायचे. बलभीम कसा चालायचा, पद कसं उचलायचा, औंदा कुणाला कुठलं काम द्यायचं, असं तासभर बोलत बसायचे. कस्तुराबाई चहा द्यायच्या, सगळं निगुतीनं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी एकच शब्द बोलायच्या, "न्हाय." सतरा वर्षं हेच चाललं होतं. दुसऱ्या कुणी केव्हाच नाद सोडला असता.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात अप्पांची बाकी मंडळी जमली. राजा म्हणून त्यांनी पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर हणमंतप्पा धरला. घागरींच्या एवढ्या कालव्यात ज्याचा आवाज वेशीपर्यंत जातो, तो बाहेरून वेस उघडायला लावेलच, असा त्यांचा हिशेब. अडलं होतं राणीपाशी. पुरुषानं राणी व्हायचे दिवस गेले, असं ते स्वतःच म्हणायचे, आणि बायका नाटकाचं नाव काढलं की पदर तोंडाला लावायच्या.

राणी सापडली पाझर तलावाच्या कामावर. निम्मं गाव तेव्हा रोजगार हमीवर खडी फोडत होतं. अप्पा कुणालातरी भेटायला तिथं गेले आणि मलाही सोबत ओढलं. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई मागच्या बाईला लांबून हाक मारत होती. अप्पा जागच्या जागी उभे राहिले. ती जाईबाई, बौद्ध वस्तीतली, जयंतीला वस्तीत गाणी म्हणायची. चार दिवसांत गावात कुजबूज सुरू झाली. "राणी त्या वस्तीतली?" एकानं संस्थेच्या दारात येऊन विचारलंच.

"गळा बघायचा का गल्ली?" अप्पा कडाडले. "ज्याला गल्ली बघायची त्यानं घरी बसावं."

जाईबाईही काही कमी नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "राणी म्हणलाव म्हणून आले. दासीचं काम दिलं असतंव तर आले नसते." मला ती बाई तिथंच पटली.

होकार मिळायच्या आधीच तालमी सुरू झाल्या. पोळ्याला नुसतं बोलायचं नाही, कस्तुरावैनींना गळाच ऐकवायचा, असा अप्पांचा बेत होता. दुपारी धुतलेले कॅन उपडे घातले की संस्थेच्या शेडमध्ये आम्ही जमायचो. अप्पांचा गळा फाटका, पण ते एकेक ओळ तोंडी म्हणून दाखवायचे, कुठं थांबायचं, कुठं दम घ्यायचा हेही सांगायचे. जाईबाई जसंच्या तसं उचलायची. तिसऱ्या अंकात राणी तटावरून गाते, 'वेस उघडा, माझा धनी बाहेर उभा'. त्यातल्या 'धनी'वर आली की जाईबाई खोकायची. दोन कोरड्या ढासा, आणि मग पुढं.

मला वाटलं, खडीची धूळ छातीत गेली. तिसऱ्या दिवशी मी तिला हळद घातलेलं गरम दूध दिलं आणि औषधपाणी करत नाही म्हणून चार शब्द सुनावले. तिनं दूध पिऊन टाकलं आणि म्हणाली, "मला कुठाय खोकला? अप्पांनी शिकिवलं तसं म्हणते. मला वाटलं, ती पदातली जागाच हाय."

मी अप्पांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी ती ओळ स्वतःशीच म्हणून बघितली. 'धनी'पाशी त्यांच्या घशातून दोन ढासा आपोआप निघाल्या. त्यांच्या नव्हत्या त्या. सतरा वर्षं मेलेल्या माणसाचा खोकला ते गळ्यात घेऊन फिरत होते आणि त्यांना ठाऊकही नव्हतं. मी भुतंखेतं मानत नाही, आजही मानत नाही, पण त्या भर दुपारी मी उठून शेडचं दार सताड उघडलं.

जाईबाई गेल्यावर अप्पा बोलले. "सास्तूरला त्याच ओळीवर त्याला ढास लागली. पदराला रगत दिसलं मला. पडदा पाडायचा सोडून म्या मागून म्हणत ऱ्हायलो, पुढं घे, बलभीम, पुढं घे. त्यानं घेतलं. वर आणखी सहा पदं म्हणला. वैनीला ह्यातलं काय ठाव न्हाय. ठाव असतं तर मला दारात उभं केलं नसतं."

म्हणजे हा माणूस दर पोळ्याला नाटकाची परवानगी मागत नव्हता. माफी मागत होता, आणि मागतोय काय ते मात्र बोलत नव्हता. मी त्याला वर्षभर खुळा समजत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

पुढचे आठ दिवस त्यांनी तो खोकला काढायचा प्रयत्न केला. "सरळ जा, थांबू नको," असं पन्नासदा सांगितलं. जाईबाई भानावर असली की सरळ जायची, गाण्यात रंगली की पुन्हा खोकायची.

पोळा यायच्या आतच कस्तुराबाई आल्या. गावात गोष्ट लपते थोडीच. दुपारी शेडच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "माझ्या माणसाचं नाटक मला न इचारता चाललंय व्हय, अप्पा?"

अप्पांनी हात जोडले. "वैनी, एक पद ऐका. मग तुमी म्हणाल तसं. न्हाय म्हणलाव तर पुन्यांदा नाव काढणार न्हाय."

त्या उपड्या कॅनवर बसल्या. जाईबाई घाबरली होती. तिनं ओळ धरली, 'वेस उघडा, माझा धनी', आणि खोकली. दोनदा.

कस्तुराबाई रडल्या नाहीत. त्यांनी झटकन मान वळवून दाराकडं बघितलं, कुणीतरी घरी आल्यासारखं. मीही बघितलं. दारात ऊन होतं, बाकी कुणी नव्हतं.

अप्पांच्यानं ते सोसवलं नाही. ते खाली बसले आणि पदराचं रक्त, 'पुढं घे' म्हटलेलं, सगळं भडाभडा बोलून मोकळे झाले. मी आणि जाईबाई भिंतीला पाठ लावून उभे होतो.

"मला ठाव हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "घरी आल्या आल्या सांगितलं हुतं त्यांनी. म्हणले, शांतलिंग मागं हुता म्हणून पद पुरं झालं. न्हाय तर एवढ्या लोकांपुढं अर्ध्यावर बसलो असतो."

अप्पांनी मान वर केली. मग म्हणाले, "तर मग सतरा वर्सं न्हाय का म्हणलाव, वैनी?"

"व्हय म्हणले असते तर नाटक झालं असतं, अन् तुमी यायचं बंद झाला असता. घरात त्यांचं नाव कोण काढतंय? पोरं ल्हान हुती, इसरली. वरसातनं एक दिस तुमी येऊन तासभर त्यांचं बोलायचा. त्याच्यावर माझं वरीस निघायचं."

 जाईबाईनं विचारलं, "काकू, त्यो खोकला आता काढू का ठिवू?"

"काढ बाई. दुखणं हाय ते, पद न्हाय." कस्तुराबाई उठायला लागल्या आणि पुन्हा कॅनवर बसल्या. मग म्हणाल्या, "उद्यापसनं काढ. आज आणिक एकदा ऱ्हाऊ दे."

जाईबाईनं पद पुन्हा उचललं. 'धनी'पाशी थांबून ती खोकली आणि सवयीनं तिनं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी पुढची ओळ सांगितली नाही, 'पुढं घे' असंही म्हटलं नाही.