काचेपलीकडचं बोट

आमच्या ह्यांना बोलायची भारी हौस. तुम्ही म्हणाल, बाई, तू काय कमी आहेस? नाहीच मुळी. पण मी बोलते कामापुरतं आणि रागापुरतं, हे बोलायचे मजेसाठी. आणि अशा माणसाचं अख्खं आयुष्य गेलं ते जिथे कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू जात नाही अशा जागी.

खिळ्यांचा कारखाना होता तो. एका बाजूने तारेचं भेंडोळं आत जातं, यंत्र तार तोडतं, ठोसा मारून डोकं बसवतं आणि खाली पत्र्याच्या पेटीत खिळे पडत राहतात. अशी यंत्रं रांगेने, सगळी एकदम चालू. मी एकदा डबा द्यायला आत गेले होते, बाहेर आले तेव्हा माझे दातसुद्धा शिवशिवत होते. तिथे ओरडून काही उपयोग नाही, म्हणून तिथली माणसं आवाजाशिवाय बोलतात. ओठ मोठेमोठे हलवायचे, जोडीला भुवई, खांदा, बोट. ह्या टोकाचा माणूस सासूची तक्रार सांगतो आणि त्या टोकाचा पोट धरून हसतो. तारेपाशी उभा असलेल्याने बोट हलवलं की यंत्रापाशी असलेल्याने बटण दाबायचं. ह्यांनी जन्मभर तेच केलं. बोट बघायचं आणि बटण दाबायचं.

घरीही तीच सवय. पाहुणे बसलेले असताना मला नुसत्या ओठांनी सांगायचे, हा काही लवकर हलत नाही, अजून चहा विचारू नकोस. मला हसू दाबता दाबता नाकी नऊ यायचे. आमच्या वस्तीत निम्म्या घरांत असंच बोलतात, बायकासुद्धा ह्या गॅलरीतून त्या गॅलरीत अशाच गप्पा मारतात. त्यामुळे ह्यात काही वेगळं आहे, कुणाला मुद्दाम सांगण्यासारखं आहे, असं आमच्या मनातसुद्धा कधी आलं नाही. तिथेच घात झाला.

ह्यांचा डावा कान कारखान्याने केव्हाच खाल्ला होता. त्याबद्दल कुणी कुरकुर करत नसे, तिथल्या जुन्या माणसांचा एक तरी कान गेलेला असायचाच. सगळी भिस्त उजव्या कानावर. आणि निवृत्त झाल्यावर त्या कानाला कामही एकच उरलं होतं, रविवारी लेकीचा फोन. लेक लग्न करून लांब गेली. ती नोकरी करते तिथे बोलताना चेहरा दिसेल असा फोन लागत नाही, नुसता आवाज येतो. ती आणि तिचे बाबा, दोघांचं जे गुळपीठ, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी फोन घेतला की काय जेवलीस, तब्येत कशी आहे, झालं. ह्यांच्या हातात गेला की तास तास खिदळणं. शेवटी तिला बाबांशी काहीतरी गुपित बोलायचं असायचं, आणि हे भिंतीकडे तोंड करून हं हं करत बसायचे.

एके दिवशी सकाळी हे उठले आणि मला म्हणाले, "नळ बंद का केलास?" नळ धो धो चालू होता. मी तसं म्हटलं, तर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. उजवा कानही गेला होता. दुखलं नाही, खुपलं नाही, रात्री होता आणि सकाळी नव्हता.

मोठ्या दवाखान्यात गेलो. नाक-कान-घशाच्या विभागातले डॉक्टर तरुण होते, हुशार होते, हे मी नाकारत नाही. ते म्हणाले, असं अचानक होतं काही जणांना, कारण सापडत नाही. पण ह्याच दुखण्यावर त्यांचं संशोधन चालू होतं. कानाच्या पडद्यातून आत औषधाची सुई द्यायची. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही शेवटपर्यंत माहीत नसतं. मी म्हटलं, ही काय चेष्टा आहे? तर म्हणाले, काळजी करू नका, पहिल्या फेरीनंतर ज्याचं ऐकणं सुधारणार नाही, त्याला दुसऱ्या फेरीत खरं औषध मिळणारच. फक्त ते पहिल्या काही आठवड्यांतच लागू पडतं, उशीर झाला तर नाही. बरं वाटलं ऐकून. म्हणजे पाणी पदरी पडलं तरी औषध चुकत नव्हतं.

ऐकणं तपासायला तिथे कपाटाएवढी एक बंद खोली आहे. आवाज आत जात नाही, बाहेर येत नाही. रोग्याने कानाला यंत्र लावून आत बसायचं, बारीक शिट्टी ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. मोठ्या काचेपलीकडे एक मुलगी शिट्ट्या वाजवते. नियम असा, की रोग्याची पाठ काचेकडे हवी. पहिल्या दिवशी ह्यांना तसंच बसवलं. आधीच बहिरेपण, त्यात दार लागलं आणि समोर कोरी भिंत. माणूस घामाने निथळत बाहेर आला. कागदावर आलेखाची रेघ पार तळाला गेलेली.

सुई झाली, मग पुन्हा तपासणी. हे दारातच अडून बसले, आत जाईनात. त्या मुलीला दया आली. चांगली मुलगी होती हो, तिचं वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. काका, माझ्याकडे तोंड करून बसा, मी समोर दिसत राहीन, म्हणाली आणि तिने खुर्ची काचेकडे फिरवली. हे शांत झाले. पुढच्या प्रत्येक वेळी खुर्ची तशीच राहिली.

आणि आलेखाची रेघ वर चढली. डॉक्टर तर इतके खूश, की माझ्याशी पहिल्यांदाच हसून बोलले. हे बाहेर आले ते परीक्षा पास झालेल्या पोरासारखे. मीही देवाचे आभार मानले, खोटं कशाला बोलू? घरी आलो आणि ह्यांच्या पाठीमागे माझ्या हातून परात पडली. घरभर घणघणाट झाला. हे खिडकीतून बाहेर बघत होते, तसेच बघत राहिले.

मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे. म्हटलं, ह्यांना काही ऐकू येत नाही. डॉक्टरांनी ह्यांना समोर बसवलं, काका, काल काय जेवलात, नातवंडं किती, असं विचारलं. ह्यांनी सगळ्याची फटाफट उत्तरं दिली, वर एक विनोदही केला. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, ऐकू येतंय की. काकू, घरी बायकोचं ऐकू न येणं हा आजार माझ्या संशोधनात बसत नाही." शेजारची नर्स फिसकन हसली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पण बोलणार काय? त्यांच्याकडे यंत्राचा कागद, माझ्याकडे एक परात. मला वाटलं, त्या बंद खोलीतल्या शांततेत खरंच येत असेल ऐकू, घरच्या गोंगाटात येत नसेल. ओठ वाचण्याचं मला सुचलंच नाही. सूर्य उगवतो हे कुणी मुद्दाम सांगतं का?

दुसरी फेरी अर्थातच मिळाली नाही. सुधारलेल्या माणसाला कशाला?

मग घरात सुरू झालं. आमचे चिरंजीव कागद वाचून शहाणे झालेले. म्हणे, बाबांना हवं तेव्हा ऐकू येतं, बिल भरायचं म्हटलं की नाही. सूनबाई ह्यांच्यामागून बोलायची, हे वळायचे नाहीत, ती फणकारायची. मी भांडायचे, तर मुलगा म्हणायचा, आई, तू त्यांना लाडावून ठेवलंयस. बापाच्या पाठीमागे उभं राहून बापाला ढोंगी म्हणायचा, आणि बापाला त्यातलं अक्षर कळत नसायचं. बरंच झालं एका परीने.

आणि रविवारी फोन यायचाच. सुरुवातीला मी टाळाटाळ केली. पण तिच्या दादाने तिला कळवून टाकलं होतं, बाबांचे कान ठणठणीत आहेत. ती हटून बसली, बाबांनाच दे. ह्यांनी फोन घेतला. ऐकू येत नाही हे लेकीला सांगायची लाज वाटली असेल, किंवा पास झालेल्या माणसाने नापास आहे असं कोणत्या तोंडाने सांगायचं? काय असेल ते असो. फोन कानाला लावला आणि नेहमीसारखे मध्येमध्ये बोलत राहिले, हो, हो, छान, चांगलं झालं, हसत राहिले.

ती पोर बापाला सांगत होती, की तिचा संसार मोडला. नवरा सोडून गेला. आईला नंतर सांगेन, आधी बाबांना, म्हणून त्यांना सांगत होती. आणि बाप म्हणत होता, छान, चांगलं झालं.

तिने ते मला नंतर रडत रडत सांगितलं आणि म्हणाली, पुन्हा बाबांना फोन देऊ नकोस.

मी ह्यांना काही बोलले नाही. ह्यांचा हात धरला आणि तडक दवाखान्यात नेलं. त्या दिवशी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनाच सर्दी झालेली. तोंडाला मास्क बांधून शिंकत बसले होते. काय काका, कसं काय, त्यांनी मास्कमधून विचारलं. हे नुसते बघत राहिले. पुन्हा विचारलं, मोठ्याने विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठांनीच विचारलं, डॉक्टरांचं तोंड का बांधलंय? मी म्हटलं, "डॉक्टर, तो मास्क काढा आणि मग विचारा." त्यांनी काढला, विचारलं, ह्यांनी लगेच उत्तर दिलं. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. मग मलाही सगळं लख्ख दिसलं.

त्यांनी स्वतः ह्यांना आत नेलं, खुर्ची भिंतीकडे फिरवली. ह्यांनी एकदाही बटण दाबलं नाही. रेघ तळाला.

त्या मुलीने तोंडावर ओढणी घेतली. तिचं बोट, दुसरं काय. ती काचेपलीकडे शिट्टीचं बटण दाबायची, हे तिचं बोट बघून आपलं दाबायचे. मी ह्यांना तिथेच विचारलं, ओठांनी, एकेक शब्द सुटा करून, की ऐकू येत नव्हतं तर दाबलंत कशाला?

"मला वाटलं, चांगलं काम करेल त्याला ठेवतील," हे म्हणाले. "नीट जमलं नाही तर औषध बंद करतील म्हटलं."

कारखान्यात तेच होतं ना. हात चुकला की घरी पाठवायचे. उलट नापास होणाऱ्याला औषध आणि पास होणाऱ्याला डच्चू, असली उफराटी शाळा ह्यांनी कुठे बघितली होती? डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं. पण ते मान खाली घालून, लिहिता लिहिता, ह्यांना ओठ कुठले दिसणार?

मी म्हटलं, आता द्या ते खरं औषध. डॉक्टर म्हणाले, आता वेळ गेली. आवाज खाली आला होता त्यांचा, विनोद संपले होते. पुढे संशोधन पुरं झाल्यावर त्यांनी बोलावून सांगितलं, की ह्यांच्या वाट्याला पहिल्या फेरीत पाणीच आलं होतं. आणि ह्यांची तपासणी नियमाप्रमाणे झाली नाही, म्हणून ह्यांना मोजणीतून वगळलं आहे, निकालावर काही परिणाम होणार नाही, असंही म्हणाले. हे जणू मी काळजीत होते म्हणून दिलाशाला सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टर, निकाल चांगला लागला ना? हो, म्हणाले, औषध बऱ्याच जणांना लागू पडतंय. मी म्हटलं, छान, चांगलं झालं. त्यांना त्यातलं काही कळलं नाही.

चिरंजीव आता बापाच्या समोर येऊन बोलतात, सूनबाई तर फारच हळू आणि ठासून बोलते, मूल असल्यासारखी. ऐकण्याची यंत्रं लावून बघितली, त्यांचा काही उपयोग झाला नाही.

लेकीला मी सगळं सांगितलं. आता रविवारी फोन येतो तेव्हा मी आणि हे खिडकीपाशी उजेडात समोरासमोर बसतो. फोन माझ्या कानाला. ती बोलते ते मी आवाज न करता ओठांवर आणते, हे माझं तोंड वाचतात आणि फोनमध्ये उत्तर देतात. तिला बाबांशीच बोलल्यासारखं वाटतं. गुपितंसुद्धा आता माझ्याच कानातून जातात, म्हणून लेक थोडी अडखळतेच.

परवा ती ह्यांची माफी मागत होती, तुटून रडत होती. मी शब्द न् शब्द ह्यांना दिला. रडणं तेवढं गाळलं. हे हसत म्हणाले, "वेडी आहेस का, माफी कसली!" आणि मग मला, ओठांनी, "आवाज कसा आहे गं तिचा? खूश वाटते?"

मी मान हलवली, हो म्हटलं.