मिठाची गाडी धुणारे मिस्त्री

आमचे मिस्त्री लोखंड चाखून पाहत. मालमोटारीखाली पाठीवर पडून ते चाकावरच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यावरून बोट फिरवत आणि जिभेला लावत. खारट लागलं की थुंकून ओरडत, "आखीन दोन बादल्या आना! मीठ गेलं नाई अजून."

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी वाशीमला एका शेठजींच्या मालमोटारीवर ड्रायव्हर होतो. दिवाळी सरली की स्टेशनात मिठाच्या वाघिणी लागत आणि ती पोती आम्ही जवळच्या मालेगाव, कामरगावच्या बाजारांना पोचवत असू. दवानं पोती पाझरत, आणि ते खारं पाणी फळ्यांच्या फटींतून थेट कमानींवर ठिबके. प्रत्येक खेपेनंतर मिस्त्री कमानी गोड्या पाण्यानं धूत, तारेच्या ब्रशानं घासत, उन्हात वाळू देत. मग जळकं ऑइल चोपडून वरून ग्रीस लावलेलं तरट गुंडाळत. म्हणत, "सारा भार हिच्यावर हाय, पन लोक पायतात फक्त रंगाकडं."

बोलणं तुसडं. गाडी खड्ड्यात आपटून आणली, की मला खाली ओढून विचारत, "कुठं आपटली? मले आवाजावरून समजते, पन तुया तोंडून आयकू दे." मला त्यांनी कधी शाबासकी दिली नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मात्र स्वतःचा एकुलता एक कोट माझ्या खुंटीला आणून अडकवला.

पुढच्या हिवाळ्यात शेठजींनी खेपा वाढवल्या. धुण्यात अर्धा दिवस जातो म्हणून धुणं बंद. "मिस्त्री, मोटार हाय का म्हैस? रोज कायले आंघोळ घालून राह्यले?" असं ते चारचौघांत म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

महिनाभरानं एका सकाळी, भरलेल्या गाडीखालून मिस्त्री बाहेर आले. मागच्या डाव्या कमानीचा मोठा पाटा गंजून चिरला होता.

"पाटा बदलल्याबिगर गाडी जानार नाई, शेठजी."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. "तुले चालवता येते ना?"

मिस्त्री गाडीसमोर उभे राहिले. मी इंजिन सुरू केलं. थोडा वेळ ते काचेतून माझ्याकडे बघत राहिले, मग बाजूला झाले.

मालेगावच्या अलीकडे, उतारावर पाटा तुटला आणि गाडी कलंडली. पोत्यांवर बसलेला महादू हमाल खाली सापडला. पोती उचलेपर्यंत तो गेला होता. मला साधं खरचटलंही नाही.

पंचनाम्याच्या वेळी शेठजींनी सांगितलं, मिस्त्रीनं कमान नीट बांधली नव्हती. फौजदारांनी मला विचारलं, "गाडी निघताना मिस्त्री काही बोलला होता का?"

मिस्त्री चार हातांवर उभे होते. घरी माझं दोन महिन्यांचं लेकरू होतं.

"नाई, साहेब," मी म्हणालो.

मिस्त्रींना कैद झाली. सुटून आल्यावर वाशीमात कुणी त्यांच्या हाती पाना दिला नाही. ते बायकोच्या माहेरी, इंझोरीला निघून गेले. मी आणखी दोन हिवाळे त्याच शेठजींचं मीठ वाहिलं.

मग एकदा धीर करून इंझोरी गाठली. त्यांच्या बायकोनं मला ओळखलं. बसायला सांगितलं नाही, पण पाणी दिलं.

"मिस्त्री हायेत काय घरी?"

"हायेत," ती म्हणाली, आणि दारातच उभी राहिली.

आतून खोकल्याची उबळ आली. मग मिस्त्रींचा आवाज, तिला उद्देशून: "महादूच्या घरी जाऊन आला काय तो? इचार त्याले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही.

"मंग इथं कायले आला?" तिनं विचारलं.

मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला. तिनं दार लोटून घेतलं.

परत येताना महादूचं घर वाटेतच लागलं. दाराशी त्याची बायको तुरी पाखडत होती. मी न थांबता पुढे निघालो.