चेलोचे सर आणि माझ्या पोळ्या

नाशिक रोडला मी ज्यांच्याकडे पोळ्या करायला जाते, ते सर चेलो शिकवतात. चेलो म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन, गुडघ्यांत धरून वाजवायचं. ज्या काठीने तारा घासतात तिला गज म्हणतात. सर आमटीचा चमचासुद्धा गजासारखा धरतात. त्यांनी चेलोवर जाड पुस्तक लिहिलंय, पण शिकणारी एकच उरली होती, बँकेतल्या मॅडम. सर पुस्तकातून वाचून दाखवायचे आणि मॅडमचा चेलो म्हशीसारखा रेकायचा.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "सर, मला नाही जमणार. उद्यापासून येत नाही."

सरांचा चेहरा उतरला. मी पाणी द्यायला गेले होते, तर मलाच विचारलं, "ताई, तुम्ही लाटणं किती दाबता हो?"

मी फरशीकडे बघत म्हटलं, "दाबत नाही. दाबलं की पोळी चिकटते. हात नुसता सोडायचा."

मॅडमनी गज उचलला आणि हात सोडला. इतका गोड आवाज निघाला की सर मटकन खुर्चीत बसले.

"ताई, माझी चारशे पानं तुम्ही एका दमात सांगितलीत," म्हणाले. मला पळून जावंसं वाटलं.

मॅडम राहिल्या. आता नवीन कोणी आलं की सर आधी माझ्याकडे पोळ्या लाटायला पाठवतात. त्या वाकड्यातिकड्या पोळ्या तेच जेवतात. काल एका नव्या बाईंची पोळी उजेडाकडे धरून म्हणाले, "ह्यांचा अंगठा अजून घाबरतोय."