भुशाखालचं तेल

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी आऱ्यावरच उभा होतो. अपघाताला दोन तासही झाले नव्हते आणि आरा पुन्हा सुरू झाला होता. "भाऊ, अब्बा गेले..." युनूसभाईंची मुलगी एवढंच बोलली. शेजारी शेठ उभा होता. म्हणाला, "वय झालंच होतं. पाय घसरला बिचाऱ्याचा." दीड महिना झाला, पण तो 'बिचारा' माझ्या डोक्यातून जात नाही. युनूसभाई बिचारे नव्हते. आणि पाय आपोआप घसरत नसतो.

वडशाच्या आमच्या लाकूड कापायच्या आरामशीनवर ते बावीस वर्षं फिटर होते, मी आरा चालवणारा. आऱ्याचा लांब शाफ्ट जुन्या पद्धतीच्या बुश बेअरिंगांवर फिरतो. बेअरिंगच्या पोटात तेल असतं, ते शाफ्टवर चढतं आणि कडेच्या भोकांतून परत खाली उतरतं. लाकडाचा भुसा त्या भोकांत जाऊन बसला की तेलाला परतायला वाट राहत नाही, मग ते बाहेर ठिबकतं. आम्ही शहाणे काय करायचो? गळतं म्हणून आणखी ओतायचो, कडेनं चिंध्या कोंबायचो. युनूसभाई त्या उपसून फेकायचे. "तोंड काऊन बांधून राह्यले त्याचं? त्याले घरी जायची वाट द्या ना." तेल कुठवर भरायचं ते कळावं म्हणून त्यांनी बेअरिंगच्या बाजूच्या काचेच्या नळीवर मुलीच्या नेलपॉलिशनं तांबडी रेघ ओढली होती. "बेअरिंगचं लग्न कधी आहे, भाई?" म्हणून आम्ही चिडवायचो. ते हसायचे आणि रेघ पुसट झाली की नवी ओढायचे.

दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांचा हंगाम लागला. गावोगावी नाटकांचे मंच, त्यासाठी फळ्या हव्यात, म्हणून आरा रात्रंदिवस चालू. त्यातच तिसरं बेअरिंग गळायला लागलं. युनूसभाई म्हणायचे, "शेठ, दोन तास द्या. भोकं साफ करून देतो." शेठ म्हणायचा, "मंडई होऊ द्या." आठवडाभर त्यांनी रोज दोन तास मागितले आणि रोज गुडघ्यावर बसून फडक्यानं जमीन पुसली. साठीच्या माणसानं.

त्या दिवशी बाहेरगावचे व्यापारी यायचे होते. शेठ मला म्हणाला, "ते तेल दिसून राह्यलं. भुसा टाक त्याच्यावर." मी दोन घमेली टाकली. हो, मीच. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वरून जमीन कोरडी दिसायला लागली, खाली तेल तसंच. युनूसभाई चहा पिऊन फडकं घेऊन आले. त्यांना वाटलं असेल, आज कुणीतरी आपल्याआधी पुसून ठेवलं... बेअरिंगच्या लोखंडी बैठकीवर डोकं आपटलं.

दुसऱ्या दिवशी दुखवटा म्हणून काम बंद. दोन तास मागणाऱ्याला मेल्यावर अख्खा दिवस मिळाला, आणि शाफ्ट थंड पडलेला असताना बेअरिंगचं झाकण कुणी उघडलं नाही. शेठनं मात्र त्यांच्या फोटोला हार घातला. त्यांच्यात फोटोला हार घालत नाहीत, एवढंही त्याला बावीस वर्षांत कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नवा फिटर भुशाचं घमेलं घेऊन त्याच बेअरिंगकडे निघाला. मी ते हिसकावलं आणि आरा बंद केला. शेठ धावत आला. "कोनाले विचारून बंद केला बे?" मी झाकण उघडलं, तार घातली, भोकांतून भुशाचे काळे गोळे निघाले. तांबड्या रेघेपर्यंत तेल भरलं. सगळं मिळून पाऊण तास लागला.

तेव्हापासून तिथली जमीन कोरडी आहे. त्यांचं फडकं अजून खिळ्याला टांगलेलं आहे, ते काढायचं कुणाच्या मनात येत नाही. शेठवर माझा राग आहे, तो मरेपर्यंत राहील. पण आरा बंद करायचं बटण बावीस वर्षं माझ्याच उजव्या हाताला आहे. त्या आठवड्यातही ते तिथंच होतं.