चौदा जणांच्या पाळ्या

आमच्या मंडळाच्या गेल्या अहवालात मी लिहिले होते, ‘मंडळाचे चौदाही सभासद दर रविवारी पाळीपाळीने गावी जाऊन मुलींचा वर्ग घेतात. श्री. बिराजदार यांनीही आपल्या पाळ्या नियमित पार पाडल्या.’ हे चूक आहे. गेली चार वर्षे तिथे एकटे बिराजदार सर जात होते. ज्यांच्या एकसष्टीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे, त्यांना मी एका ओळीत उरकले. चूक माझी, म्हणून दुरुस्तीही मीच करते.

सरांची पहिली भेट मंडळाच्या कचेरीच्या जिन्यात झाली. मी शाळेत कधी गेले नाही. बाबांनी घरीच शिकवले आणि मॅट्रिकला बाहेरून बसवले. त्यामुळे अहवालाच्या नकला करायला नवी पेठेतल्या त्या माडीवर गेले, तेव्हा वरचा गलका ऐकून माझा पाय पुढे पडेना.

“ए सात नंबर, चहा सांग की!”

“तूच सांग, बावीस. गेल्या खेपेला जिना मी उतरलो होतो.”

सर मागून चढत होते. म्हणाले, “चला अक्का. एका वर्गातली पोरं आहेत सगळी, अजून हजेरीच्याच नंबरानं हाका मारतात. केस तेवढे पिकलेत.” माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठे असून ते मला अक्का म्हणाले. आठ वर्षांच्या मुलीलाही ते अक्काच म्हणतात.

हे चौदा जण कॉलेजातले वर्गमित्र. दुष्काळाच्या साली त्यांनी मंडळ काढले. वळसंगच्या पलीकडच्या एका गावातल्या मुली त्या वर्षी आयांबरोबर खडी फोडायला गेल्या आणि पुन्हा शाळेत बसल्याच नाहीत. त्यांच्यासाठी रविवारचा वर्ग ठरला. पाळ्या कॉलेजातल्या हजेरीच्या क्रमाने लावल्या. ज्यांची पाळी, त्यांनी वहीत आपले नाव लिहायचे. त्या वहीवरून मी अहवाल लिहिला. सगळी नावे एकाच अक्षरात होती. अक्षर घोटण्यात माझे लहानपण गेले, तरी मला ते दिसले नाही, कारण मी नुसती नावे उतरवून घेत होते.

अहवाल छापून आल्यावर सर मला एकदा गावी घेऊन गेले. देवळात अकरा मुली बसल्या होत्या. घरात कानडी बोलणाऱ्या मुली बुजू नयेत म्हणून सर आधी कानडीत गोष्ट सांगत आणि मग ती त्यांच्याकडून मराठीत लिहून घेत. पायरीवर बसलेल्या एका मुलीच्या आजीला, गौराबाईंना, मी विचारले, “बाकीचे सर कसं शिकवतात?”

“कुटलं बाकीचं?”

“चौदा जण येतात ना पाळीनं?”

“चौदा?” त्या हसायलाच लागल्या. “आमाला तर ह्ये एकच दिसत्यात. बाकीची तेरा भुतं हायती का काय वो?”

परतीच्या एसटीत मी सरांना विचारले. ते म्हणाले, “अक्का, कॉलेजातसुद्धा ह्यांची हजेरी मीच लावायचो, आवाज बदलून. कुणाला दुकान, कुणाला दमा, कुणाची सून बाळंत. वर्ग चुकला नाही ना? मग झालं की.”

“पण अहवाल खोटा झाला.”

“पुढच्या खेपेला जरा कमी लिहा.”

दुरुस्ती तेव्हाच करायला हवी होती. मी भ्याले.

सरांचा स्वभावच असा. बाबा आजारी होते तेव्हा सर रोज येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि निघताना म्हणत, “मंडळानं पाठवलंय.” मंडळाला याचा पत्ताही नव्हता.

दिवाळीनंतर सर न्हाणीत घसरून पडले. मांडीचे हाड मोडले. तेव्हापासून वर्ग बंद आहे. या मुलींना यंदा चौथीच्या परीक्षेला बसायचे आहे. यंदा बसल्या नाहीत तर घरचे पुढे पाठवणार नाहीत. तिघींना तर बघायला माणसे येऊन गेली आहेत.

मी हे बैठकीत उभी राहून सांगितले. अध्यक्ष म्हणाले, “वर्ग बंद कसा पडेल? चौदा जण आहोत की.” सरांच्या घरून वही मागवली. एका सभासदांनी आपल्या नावावर बोट ठेवले. “ही बघा माझी पाळी. गेलो होतो मी.”

“गाव कसं आहे?” मी विचारले.

“छान आहे. भरपूर झाडी.”

त्या गावात देवळापुढच्या लिंबाशिवाय सावली नाही. पण ते खोटे बोलत नव्हते. स्वतःचे नाव वाचून त्यांना ते खरेच वाटत होते. नंतर बैठकीचा उरलेला वेळ सरांच्या सत्काराच्या शालीचा रंग ठरवण्यात गेला.

गौरवलेखात राग लिहू नये, हे मला कळते. तरी सरांवरही माझा राग आहे. मित्रांना लाज वाटू नये म्हणून ते चार वर्षे त्यांना झाकत राहिले. म्हणून सर पडले तेव्हा कोणाची पाळी चुकते आहे, हे कोणालाच कळले नाही. या चांगुलपणाचा भार आता त्या अकरा मुलींवर आला आहे.

परवा हा लेख मी सरांना वाचून दाखवला. मित्रांबद्दलचे काढून टाका, असे ते म्हणतील असे वाटले होते. ते म्हणाले, “माझीही चूक लिहिलीत, बरं केलंत. पण रविवारी कोण जाणार, ते ह्यात कुठं आहे?”

मी म्हटले, मी कधी कोणाला शिकवलेले नाही, वर्ग कसा असतो ते मला माहीत नाही, कानडी येत नाही, एकटी एसटीत बसलेली नाही.

“गोष्ट मुली सांगतील. तुम्ही लिहून घ्या,” एवढेच ते म्हणाले.

ग्रंथाचे संपादकही त्या चौदांपैकीच. लेख त्यांनी दोनदा वाचला, ठेवून घेतला आणि छापखान्याला माझ्यासाठी शेवटची पाने थांबवायला सांगितली. त्यांचे आभार मानते.

सरांचे हाड लवकर जुळो, त्यांना मोठे आयुष्य मिळो आणि त्यांच्या कष्टांवर यापुढे तरी त्यांचेच नाव राहो. रविवारी सकाळी त्यांना खुर्चीत बसवून सभागृहात आणतील आणि हा ग्रंथ त्यांच्या हाती देतील. तेव्हा मी तिथे नसेन, त्याबद्दल सर्वांची क्षमा मागते. त्याच रविवारी, सातच्या अक्कलकोट गाडीने, मी वर्गावर जाणार आहे.